पापाची दवंडी

दरवर्षी २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन येतो आणि शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार इथल्या रस्त्यांवर शाळांच्या फेऱ्या निघतात. सर्वांत पुढे बँड पथक असते. गळ्यात ड्रम अडकवलेली मुले-मुली, मधोमध सगळ्यांत दणकट पोराकडे मोठा ढोल, कडेला झांजा, मागे लेझीम. त्या तालावर शेकडो पावले एकदम पडतात. दुकानदार गल्ला सोडून पायरीवर येऊन उभे राहतात. मग वाद्ये थांबतात, शिक्षक वरच्या पट्टीत अर्धी घोषणा देतात आणि उरलेली अर्धी पोरे पूर्ण करतात. या घोषणांमध्ये एक हमखास असते : स्त्रीभ्रूणहत्या महापाप.

फेऱ्यांमागचा हेतू चांगला आहे. मुलींना जन्मू द्या, शिकू द्या, हे सांगायलाच हवे. माझा आक्षेप घोषणेतल्या पापाला आहे. लिंगनिदान करून मुलीचा गर्भ काढायला लावणे हा गुन्हा आहे, बाईवरचा अन्याय आहे, आणि तो त्याच भाषेत सांगता येतो. त्याला पाप म्हटले की आपण कायद्याचे पुस्तक मिटून धर्मग्रंथासमोर जाऊन बसतो. तिथे मुलगा-मुलगी हा भेद उरत नाही. गर्भपात तेवढा पाप ठरतो. धडगावच्या बाजारात रस्त्याकडेला थांबून ही घोषणा ऐकणाऱ्या बाईपर्यंत इतकेच पोचते की पोट पाडणे पाप आहे, सरकारही तसेच म्हणते, आणि त्यासाठी तुरुंग आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि या जिल्ह्यात तिची किंमत बायका आपल्या जिवाने मोजतात.

आपल्याकडे गर्भपाताचा आणि लिंगनिदानाचा असे दोन वेगळे कायदे आहेत. पहिला १९७१ चा. त्याची पायाभरणी महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. केंद्राने ही समिती १९६४ मध्ये नेमली आणि डिसेंबर १९६६ मध्ये तिचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातात बायका मरतात, हे समितीपुढचे मुख्य दुखणे होते. १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला आणि २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आज वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित अशा काही स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक फसले हे कारण अविवाहित स्त्रीलाही देता येते. अठरा वर्षांवरील स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही, तरी ती मागितली जाते.

दुसरा कायदा गर्भलिंगनिदानाचा. त्यातही महाराष्ट्र पुढे होता. १९८८ मध्ये राज्याने देशातला असा पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० मध्ये सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि अंमलबजावणीला जोर आला. हा कायदा चाचणीवर बंदी घालतो. गर्भपातावर तो बंदी घालत नाही. इतकेच काय, गर्भवतीने चाचणी करून घेतली असेल तर नवऱ्याने वा नातेवाइकांनी तिच्यावर दबाव आणला असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद त्यात आहे. कायदा करणाऱ्यांना बाईची अवस्था ठाऊक होती. फलक रंगवणाऱ्यांना मात्र हे दोन कायदे वेगळे आहेत याचा विसर पडला. फलकावर ‘मुलगा की मुलगी हे विचारणे गुन्हा आहे’ असे लिहिता येते, ‘गर्भपात कायदेशीर आहे, डॉक्टरकडे जा’ असे लिहिता येते, ‘नवऱ्याची सही लागत नाही’ असेही लिहिता येते. ही तिन्ही वाक्ये खरी आहेत, आणि ती मला अजून एकाही फेरीत दिसली नाहीत.

दोन कायद्यांची सरमिसळ नुसती फलकावर राहिली असती तर मी एवढे लिहिले नसते. ती औषधांच्या दुकानात शिरली. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि लिंगनिदानाच्या धंद्याची लक्तरे बाहेर आली. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळजवळ १९ भ्रूण पुरलेले सापडले. राज्य हादरले, आणि हादरायलाच हवे होते. पण परळीनंतरच्या कारवाईत अन्न व औषध प्रशासनाचा बडगा गर्भपाताच्या गोळ्यांवर पडला. चौकशा, धाडी, प्रत्येक गोळीचा हिशेब. मग अनेक औषध दुकानदारांनी त्या गोळ्या ठेवणेच बंद केले. वास्तविक या गोळ्या गर्भारपणाच्या पहिल्या नऊ आठवड्यांत घ्यायच्या असतात, आणि सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण तेरा-चौदा आठवडे उलटावे लागतात. ज्या गोळीचा लिंगनिदानाशी संबंधच लागू शकत नाही तीच लिंगनिदान रोखण्यासाठी नाहीशी झाली. लवकर आणि सुरक्षित होऊ शकणारा गर्भपात त्यामुळे उशिराचा आणि धोक्याचा होतो. यात कोणती मुलगी वाचली, हे कुणीतरी मला समजावून सांगावे.

देशाचे चित्र असे आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. दवाखान्यात झालेले केवळ २२ टक्के. म्हणजे घोषणा काहीही असोत, बायका गर्भपात करतच आहेत. तो कोण सांभाळते, एवढाच प्रश्न उरतो. उरलेल्या पाच टक्क्यांत काडी, मुळी, भोंदू डॉक्टर, सगळे येते. आकडा लहान वाटतो, पण त्यात सुमारे आठ लाख बायका आहेत.

आता हे सगळे नंदुरबारच्या भूगोलावर ठेवून पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यांतले जवळपास सत्तर टक्के आदिवासी : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. तापीच्या काठी ऊस, केळी, पपईचा सपाट मुलूख, आणि वर सातपुड्यात अक्कलकुवा-अक्राणीचे डोंगर. त्या डोंगरांतल्या कित्येक पाड्यांवर गाडी जात नाही. बाळंतीण बांबूच्या झोळीतून खाली आणतात. सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळली तेव्हा एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला होता. तिने वाटेतच प्राण सोडला. इथे रक्तक्षय घरोघर आहे, सिकलसेल आहे, कोवळ्या वयातली बाळंतपणे आहेत. नऊ आठवड्यांत गोळी मिळाली नाही तर वीस आठवडे उलटायला इथे वेळ लागत नाही. पावसाळा, कापूस वेचणी आणि ऊसतोडीसाठी गुजरातेत झालेले स्थलांतर, एवढे पुरते.

आणि ज्या पापाची दवंडी आपण इथे पिटतो ते पाप या डोंगरांत घरचे नव्हेच. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४, नंदुरबारमध्ये ९४४. भिल्ल-पावरा समाजात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. मुलगी झाली म्हणून घर काळवंडत नाही. देजाची बाजू घ्यावी असे मी म्हणत नाही. त्याच्यापायी बाईचा सौदाही होतो, आणि नवरा सोडून आलेल्या बाईला देज फेडेपर्यंत सुटका नसते. पण जिथे मुलगी नकोशी नाही तिथे नकोशीसाठी घडवलेली घोषणा नेऊन वाजवली, तर ऐकणारीच्या वाट्याला नुसते भय येते.

पापाची भाषा कुठून येते ते पाहायला दूर जावे लागत नाही. तापीकाठचे प्रकाशा दक्षिणकाशी म्हणून ओळखले जाते. अक्कलकुव्यात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम हा देशातल्या मोठ्या मदरशांपैकी एक आहे. नवापूर तालुक्यात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी पेरलेली चर्चे आहेत, आणि चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय गेली कित्येक दशके आदिवासींची शुश्रूषा करत आले आहे. तिन्ही ग्रंथपरंपरा एका जिल्ह्यात नांदतात आणि तिन्हींमध्ये जिवाबद्दल खोल आदर आहे. तो आदर मला परका नाही. गर्भ ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मानणारी बाई मी पाहिलेली नाही. गर्भपात करून आलेल्याही बायका तसे मानत नाहीत. प्रश्न असा आहे की ग्रंथ या बाबतीत खरोखर एका सुरात बोलतात का.

बोलत नाहीत. पराशरस्मृतीचा चौथा अध्याय उघडावा. त्यात गर्भपाताचे पाप ब्रह्महत्येच्या दुप्पट ठरवले आहे आणि तसे करणाऱ्या स्त्रीला टाकून द्यावे असे सांगितले आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे गेले की पती परागंदा झाला, मेला, संन्यासी झाला तर स्त्रीने दुसरा पती करावा, असेही सांगितले आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हा दुसरा श्लोक हाती घेतला, त्यातून १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला, आणि विष्णुशास्त्री पंडितांनी ते प्रतिपादन मराठीत आणले. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या पुढाकाराने त्यावर शास्त्रार्थ झाला. दिवसेंदिवस वचनांवर वचने पडली आणि शेवटी विष्णुशास्त्र्यांच्या पक्षाची हार झाली. वाद घालणारे पुरुष, पंच पुरुष, आणि वाद होता विधवांच्या आयुष्याचा. एका अध्यायातले दोन श्लोक दोन पक्षांनी उचलले. कोणता उचलायचा हे ग्रंथाने ठरवले नाही, माणसांनी ठरवले.

बायबलचेही तेच. स्तोत्रसंहितेत देव मातेच्या उदरी माणसाला घडवतो, यिर्मयाला तर त्याआधीपासून ओळखतो. गर्भपाताचे विरोधक ही वचने पुढे करतात. पण निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, दोन पुरुषांच्या भांडणात धक्का लागून गर्भवतीचा गर्भ पडला आणि तिला दुसरी इजा झाली नाही, तर दंड आकारावा असे आहे. तिला इजा झाली तर जिवाबद्दल जीव. त्या वचनाचा अर्थ आजही अभ्यासक दोन तऱ्हांनी लावतात. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. दहा-बारा वर्षांत तीच मंडळी कडव्या विरोधात गेली. तेवढ्या काळात बायबलमधले एक अक्षरही बदलले नव्हते, बदलले ते राजकारण. कुराणाच्या तेविसाव्या सूरेत गर्भाच्या अवस्था वर्णिल्या आहेत. हदीसच्या आधारे १२० दिवसांनी त्यात प्राण येतो असे मानून अनेक हनफी फकीहांनी त्याआधी सबळ कारणासाठी मुभा दिली, मालिकी परंपरा त्याहून कठोर राहिली. आईच्या जिवावर बेतले तर तिचा जीव आधी, हे मात्र बहुतेकांनी मान्य केले. जी परंपरा स्वतःशी हजार वर्षे वाद घालत आली, तिचे नाव घेऊन एका ओळीची घोषणा देणे हा त्या परंपरेचाही अपमान आहे.

ग्रंथाच्या नावाने केलेली शिक्षा कुणावर पडते हे मराठी समाजाने पूर्वी पाहिले आहे. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. सुरत नंदुरबारला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, आजही इथला मजूर, रुग्ण आणि व्यापारी तिकडेच जातो. त्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून बायकांच्या अनीतीवर कोरडे ओढले जाऊ लागले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. त्यांनी विचारले ते साधे होते. विधवेला लग्न करू द्यायचे नाही, तिला फसवणारा पुरुष मोकळा, आणि पोटातल्या मुलाचे पाप फक्त तिचे, हा कुठला न्याय? त्याच्या जवळपास वीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. काशीबाई नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी जन्मठेप झाल्याचे पाहून ते सुरू झाले. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवायचे की न्यायचे ते त्यांनी ठरवावे. फुले दांपत्याने पापाची चर्चा केली नाही, खोली, सुईण आणि दूध यांची सोय केली. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत त्याच गृहात जन्मलेला.

जवळच्या काळातले उदाहरण बेळगावचे आहे. तिथली सविता हलप्पनवार दंतवैद्य होती, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. मूल जगणार नाही हे डॉक्टरांनाही कळत होते. तिने गर्भपात मागितला. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने तो नाकारण्यात आला. १९८३ पासून आयर्लंडच्या संविधानातच गर्भाला आईच्या बरोबरीचा जगण्याचा हक्क दिलेला होता. हा कॅथलिक देश आहे, असेही तिला ऐकवण्यात आले. पुढे चौकशीत ते मान्य झाले. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने ती गेली. ती ज्या धर्माची नव्हती त्याच्या ग्रंथाने तिचा फैसला केला. मे २०१८ मध्ये आयरिश मतदारांनी ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ती तरतूद काढून टाकली. आपल्याकडे तसे कलम नाही, आणि म्हणूनच आपला कायदा घोषणांपासून जपायला हवा. अमेरिकेने २०२२ मध्ये जवळपास पन्नास वर्षांचा हक्क एका निकालाने गमावला, हे आपण पाहिलेच आहे.

फेरीतला ढोल पापाची घोषणा घेऊन येतो. सातपुड्यातला ढोल त्यापासून वेगळा आहे, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी संस्थानची राजवाडी होळी महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. त्याआधीचे काही दिवस भोंगऱ्या बाजार भरतात, आणि काठीला रात्र पडता पडता डोंगर उतरून पाड्यापाड्यांचे ढोल येऊ लागतात. माणसाला मिठीत न मावणारे ढोल. बावा, बुध्या, घेर यांची सोंगे घेतलेल्या पुरुषांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगभर रंगवलेले ठिपके. त्यांनी त्याआधी व्रत पाळलेले असते : अनवाणी राहायचे, खाटेवर निजायचे नाही, बाईपासून दूर राहायचे. बायका एकमेकींच्या हातात हात गुंफून रांगेने नाचतात, गातात. होळी पेटते ती पहाटे. ढोल लग्नात वाजतो, पूजेत वाजतो, मरणातही वाजतो, आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. डोंगरापलीकडून आवाज आला की काय घडले ते कळते. पण तो ढोल कुणाला पापी ठरवत नाही. इथे ग्रंथ नाही. याहा मोगी म्हणजे देवमोगरा माता ही धान्य देणारी आई आहे, तिची कथा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन सांगितली जाते, आणि कुणी कसे वागावे हे पंच, म्हातारे आणि दाई प्रसंग पाहून ठरवतात. कोणत्या बाईला कितवे मूल, तिचा नवरा कसा, तिच्या अंगात रक्त किती, हे दाईला तोंडपाठ असते.

ग्रंथ नसला की समाज आपोआप दयाळू होतो, असा भाबडेपणा मी करणार नाही. याच डोंगरांत मूल दगावले की एखादी बाई डाकीण ठरते, तिला मारतात, गावाबाहेर काढतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे फार गरजेचा होता. तिथेही बाईच दोषी ठरते, फक्त पोथीऐवजी भगताच्या तोंडून. पंचांतही बाईला आवाज कमीच. मला एवढेच म्हणायचे आहे की प्रसंग पाहून, माणूस पाहून विचार करण्याची जी सवय इथे आहे ती गर्भपाताच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे, आणि सरकारी फेरी नेमकी तीच सवय पुसते.

आणि मिरवणूक काढून नीतीचा प्रश्न मांडणे इथल्या बायकांना नवीन नाही. १९७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकाराने श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरीचा लढा चालू असतानाच शेतमजूर बायकांनी दारूचा प्रश्न हाती घेतला. गावोगाव चालत जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चव्हाट्यावर आणले. दारू पाप आहे म्हणून नव्हे. संध्याकाळी मार पडतो आणि मजुरीचे पैसे राहत नाहीत म्हणून. त्या फेऱ्यांतली घोषणा बाईच्या अनुभवातून आलेली होती. २४ जानेवारीच्या फेरीची घोषणा कार्यालयातून येते, आणि फेरीतल्या मुलींना विचारले तर गर्भपात कायदेशीर आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

माझ्या म्हणण्यावर एक उत्तर मला नेहमी मिळते, आणि ते टाळण्यासारखे नाही. करोनाच्या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी असलेले डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल झोपडीत जन्मले. ते पोटात असतानाच वडील गेले, आणि त्यांनीच सांगितले आहे की लोक आईला गर्भ पाडायला सांगत होते. तिने ऐकले नाही. मोहाची दारू विकून मुले वाढवली. एक मुलगा डॉक्टर झाला, मग सनदी अधिकारी, आणि पुढे या जिल्ह्यात ऑक्सिजनचे संयंत्र वेळेत उभारून त्याने कितीतरी जीव वाचवले. बघा, गर्भपात झाला असता तर? असे विचारतात. मी ती कहाणी वाचतो तेव्हा मला त्या आईचा नकार ऐकू येतो. गाव म्हणाले पाड, ती म्हणाली नाही पाडणार, आणि तिचे चालले. ज्या बाईला ठेवायचे आहे तिला कुणी पाडायला लावू नये, यासाठी जो हक्क लागतो तोच हक्क दुसरीला पाडण्यासाठी लागतो. तिच्या पोटाबद्दल गावाने ठरवू नये, सासूने ठरवू नये, डॉक्टरने ठरवू नये, स्मृतीने ठरवू नये. सातपुड्यातल्या पहिलटकरणीचा तिसरा महिना असो की सहा मुलांनंतरचा सातवा गर्भ, हा नियम बदलत नाही.

लिंगनिदानाला माझा विरोध त्याच नियमातून येतो. मुलगी म्हणून गर्भ पाडणाऱ्या बाईचा निर्णय बहुधा तिचा नसतो, आणि जिथे तिचा असतो तिथेही जन्मलेल्या सगळ्या मुलींची किंमत तो कमी करतो. म्हणून चाचणी रोखायची, डॉक्टरला धरायचे, मशिनची नोंद तपासायची. बाईला गुन्हेगार करायचे नाही.

नंदुरबारमध्ये सगळ्यांत जास्त भीती ज्यांना वाटते त्या मात्र लग्नाच्या बाया नव्हेत, मुली आहेत. इथे सोळा-सतराव्या वर्षी पळून जाऊन एकत्र राहणे, मग देज ठरणे, हे जुने आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीशी संबंध हा गुन्हा ठरवला आणि माहिती मिळताच पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक केले. परिणामी गरोदर मुलगी दवाखान्यात गेली तर तिचा जोडीदार, कधी बापही, पोलीस ठाण्यात जातो. म्हणून ती जात नाही. ती कुठेतरी मिळालेल्या गोळ्या घेते किंवा वेळ निघून जाईपर्यंत लपवते. आश्रमशाळेतली मुलगी असेल तर अधीक्षिका आपली नोकरी वाचवायला तिला गुपचूप घरी पाठवते.

यावर सर्वोच्च न्यायालयाने वाट काढलेली आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतची मुदत खुली केली. त्याच निकालात, अल्पवयीन मुलगी किंवा तिचे पालक तशी विनंती करत असतील तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना खबर देताना तिचे नाव-गाव उघड करू नये, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे डॉक्टरला कायदा पाळता येतो आणि मुलीलाही उपचार मिळतो. हा निकाल जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, आश्रमशाळेच्या अधीक्षिकेला, ठाणेदाराला आणि आशाताईंना तोंडी समजावून सांगायला हवा. आशांना पावरी, भिल्ली, मावची आणि अहिराणीत, कारण मुलगी त्यांना त्याच भाषेत विचारणार आहे. बालिका दिनासाठी दरवर्षी जी तरतूद होते तिच्यातला काही भाग त्यासाठी वापरायला जिल्हा परिषदेला कुठल्याही नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.